बिल खरं होतं, हेड जुनंच होतं

अमेरिकेत जुनी जीप चेरोकी बघायला जाणार असाल, तर बॉनेट उघडण्याआधी त्यावर हात ठेवून बघा. गरम लागलं तर त्या दिवशी पैसे देऊ नका. मी दिले. साडेचार हजार डॉलर.

गाडी २००० सालची होती. चार लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन. मिशिगनमध्ये आल्यापासून मला याच इंजिनाची ओढ होती आणि त्याची कीर्ती काही खोटी नाही. त्याचं मूळ १९६४ च्या एएमसी (अमेरिकन मोटर्स) कंपनीच्या इंजिनापर्यंत जातं. चार लिटरचं रूप १९८७ च्या मॉडेलबरोबर आलं आणि २००६ पर्यंत जीपच्याच रँग्लरमध्ये बसत राहिलं. ब्लॉक बिडाचा, हेडही (ब्लॉकच्या वर, सिलिंडरांवर बसणारा भाग) बिडाचं, क्रँकशाफ्टला सात मेन बेअरिंग. एका रांगेतल्या सहा पिस्टनांचे धक्के आपापसातच जिरतात, त्यामुळे थरथर जाणवत नाही. दोन-अडीच लाख मैल धावलेल्या चेरोकी मी स्वतः पाहिल्या आहेत.

पण २००० आणि २००१ च्या चेरोकीत ०३३१ क्रमांकाचं हेड आहे. ते तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधोमध तडकतं. तडा व्हॉल्व्ह कव्हरच्या खाली असतो, म्हणून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जमिनीवर न गळता थेट ऑइलमध्ये उतरतं. एवढं मी वाचून गेलो होतो. विचारलंही. विकणाऱ्या गृहस्थाने लगेच हेड बदलल्याचं बिल पुढे केलं. बिल खरं होतं, मात्र त्यावर गाडीचा नंबर नव्हता, आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. ऑइल मधासारखं स्वच्छ, बाटलीत कूलंट काठोकाठ. इंजिन आधीच तापलेलं. "थंडी आहे, तुम्हाला ताटकळत ठेवायला नको म्हणून सुरू करून ठेवली," असं तो म्हणाला, आणि मला त्याचं कौतुक वाटलं!

बाराव्या दिवशी बाटली अर्धी झाली. खाली थेंब नाही, धूर नाही. ऑइलचं झाकण काढलं तर आत दुधाळ कॉफीसारखा थर. मेकॅनिकने कव्हर उघडून तडा दाखवला. रेडिएटरमधून गळती बुजवायच्या रसायनाचा तपकिरी गाळ निघाला. कूलंट मिसळलेल्या ऑइलवर चालून बेअरिंगचं तांबं उघडं पडलं होतं, म्हणजे नुसतं हेड बदलून भागणार नव्हतं. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. "आहे त्या स्थितीत" असं लिहिलेल्या कागदावर माझी सही होतीच.

तुम्ही जाल तेव्हा रात्रभर थंड राहिलेलं इंजिन स्वतः सुरू करा. ऑइलच्या झाकणातून टॉर्च मारून आत बघा. सुधारित हेडवर 'टुपी' (TUPY) ही अक्षरं ओतलेली असतात. बिलावरचा नंबर गाडीच्या नंबराशी ताडून पाहा. विकणारा कूलिंगची प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती तपासणं) करू देत नसेल, तर तिथून निघा. आणि ऑइल परवाच बदललंय असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर का बदललं ते विचारा.

माझी गाडी मी शेवटी सुट्या भागांसाठी नऊशे डॉलरला दिली. घेणाऱ्याला आधी तडा दाखवला.