सोप्यातली भक्ती, भाड्याचा हॉल की मंडळीचं स्वतःचं मंदिर?

ख्रिस्ती मंडळी पंधरा घरांची असते तोवर प्रश्न नसतो. कोणाच्या तरी सोप्यात सतरंजी अंथरायची, पेटी-तबला आणायचा, रेव्ह. ना. वा. टिळकांची दोन भजनं म्हणायची की उपासना सुरू. घरं पंचवीस-तीस झाली की कमिटीत कोणीतरी विषय काढतोच: आता आपलं मंदिर, म्हणजे चर्च, हवं. आमच्याकडे हा विषय तीन वर्षं चालला. त्या काळात जे तोलून पाहिलं, ते कर्नाटकातल्या खानापूर, नंदगड, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी मंडळ्यांसाठी लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो. मंदिर बांधावं, पण घर आणि हॉल नेमके कुठे अपुरे पडतात हे बोट ठेवून सांगता येत असेल तरच.

मंदिर नको म्हणणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे, हे प्रभूचं वचन मत्तयाच्या 18 व्या अध्यायात आहे. देव हातांनी बांधलेल्या घरांत राहत नाही, हे पहिला हुतात्मा स्तेफन याने यहुद्यांच्या न्यायसभेपुढे सांगितलं. पौलाचे सोबती प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी मंडळी जमत असे. पण त्याच काळाच्या पुढचा एक दाखला मला फार बोलका वाटतो. सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपस इथे सन 240 च्या सुमाराचं एक घर उत्खननात सापडलं. मंडळीने दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केली होती आणि बाप्तिस्म्यासाठी वेगळी खोली राखली होती. रोमी राज्यात ख्रिस्ती उपासनेला 313 मध्ये मोकळीक मिळाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. देवाला घर हवं म्हणून ती भिंत पडली नाही. माणसं मावेनात, म्हणून पडली.

घरच्या भक्तीत जी जवळीक असते ती दुसरीकडे नाही. म्हातारी माणसं मोकळेपणी बोलतात, लेकरं मांडीवर झोपतात. अडचण ही की सगळा भार एकाच कुटुंबावर येतो. त्या घरी आजारपण आलं, मुलीची परीक्षा आली, भावाभावांत वाटणी झाली की मंडळी उघड्यावर. आणखी एक गोष्ट आपण बोलत नाही. चाळीस चपला आणि दहा मोटरसायकली शेजाऱ्याच्या दारापर्यंत जातात, आत काय चाललंय हे त्याला कळत नाही, आणि गल्लीत कुजबुज सुरू होते. नवा माणूस कोणाच्या घरात बोलावल्याशिवाय शिरत नाही. फलक लावलेल्या मंदिराचं दार मात्र रविवारी सगळ्यांना उघडं दिसतं. माझ्या लेखी मंदिर बांधण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

भाड्याचा हॉल मधला मार्ग वाटतो, आणि वर्षभर वापरून पाहायला तो चांगलाच आहे. पण नाताळ लग्नसराईत येतो. आम्हाला एका डिसेंबरात लागोपाठ दोन रविवार हॉल मिळाला नाही. शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) क्रुसावरील सात उद्गारांची उपासना तीन तास चालते, हॉल दोन तासांचा. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरसाच्या) विधीची भांडी, पेटी, संडे स्कूलचे तक्ते दर वेळी कोणीतरी गाडीवर बांधून न्यायचे. आणि मयत झाली तर हॉलचा काहीच उपयोग नाही.

चौथा पर्यायही आहे, तो लोक विसरतात: आधीपासून उभ्या असलेल्या मंदिरात जागा मागणं. बेळगावात लंडन मिशन ही इंग्रज मिशनरी संस्था 1820 मध्ये आली, 1904 मध्ये ते काम मेथडिस्ट पंथाच्या मिशनकडे गेलं. कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च 1869 चं. शहराच्या आसपास राहणाऱ्यांनी जुन्या मंदिरात मराठी उपासनेसाठी वेळ मागून पाहावा. कन्नड मंडळीनंतरची वेळ मिळाली तरी घ्यावी. आपल्या भाषेत प्रार्थना करता आली, छत तयार मिळालं, आणखी काय हवं? खानापूरच्या पुढच्या खेड्यांना मात्र हे जमत नाही. पंचवीस किलोमीटरच्या वर बसने लेकरंबाळं घेऊन दर रविवारी कोण जाईल?

लग्नाच्या बाबतीत एक बारीक फरक आहे. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न मंदिरात व्हायचं असेल तर पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) लग्नाची नोटीस तिथेच लावतात. खाजगी घरात व्हायचं असेल तर ती विवाह निबंधकाकडे पाठवावी लागते. दफनभूमीबद्दल मात्र गैरसमज नको. मंदिर बांधलं म्हणून आवारात पुरता येत नाही, त्याची जागा आणि परवानगी वेगळी.

आता जागा. घाई इथेच महाग पडते. संविधानाचं कलम 26 धार्मिक समाजाला स्थावर मालमत्ता घेण्याचा हक्क देतं, पण ती मंडळीच्या नावावर हवी. सोसायटी किंवा ट्रस्ट आधी नोंदवा, मग इसार द्या. माझ्या माहितीतल्या एका मंडळीने विश्वासाने एका वडीलधाऱ्याच्या नावावर प्लॉट घेतला. ते गेल्यावर वारसांनी दार लावून घेतलं. अठरा वर्षांची अर्पणं त्या भिंतींत होती. शेतजमीन असेल तर बांधण्याआधी बिनशेती करून घ्या. गायरान, रस्त्याची कड यांच्या वाटेला जाऊ नका, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2009 मध्ये सार्वजनिक जागेवर नव्या प्रार्थनास्थळांना मनाई केली आहे. आणि कागद कन्नडमध्ये असतो. कन्नड नीट येणाऱ्याकडून ओळन्‌ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करावा, असं लूकच्या 14 व्या अध्यायात प्रभूच म्हणतो. आम्ही तो असा केला: हॉलचं वर्षाचं भाडं बाजूला ठेवलं, आणि तेवढंच जास्तीचं अर्पण दोन वर्षं न चुकता जमतं का ते पाहिलं. पाळकांचं मानधन थकवून विटा घ्यायच्या नाहीत, हे आधीच ठरलं. माणशी नऊ-दहा चौरस फूट धरले तर शंभर जणांना हजार चौरस फुटांचं सभागृह पुरतं. मनोऱ्याचा पैसा संडे स्कूलच्या खोलीला आणि संडासाला द्या. जांभ्याच्या भिंती चालतात, जोतं उंच घ्या, पण वर नुसता पत्रा नको. आमच्या भागातल्या पावसात पत्र्याखाली पाळकांचा शब्द तिसऱ्या ओळीपर्यंत पोचत नाही.

आणि प्लॉट उन्हाळ्यात पसंत करू नका. जुलैत एका रविवारी सकाळी मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर अक्कांना बरोबर घेऊन स्टँडपासून तिथवर चालत जा. त्यांना चिखलातून जाता आलं, तर इसाराचं बोलणं काढा.