खाचांची ट्रेनिंग ग्रिप: सात महिने वापरल्यानंतर

तीन आठवडे गोल्फमधल्या माझ्या सेव्हन आयर्न या क्लबचा बॉल उजवीकडेच जात होता. येरवड्याच्या सरावाच्या रेंजवर बॉलच्या बास्केटमागून बास्केट संपवली, खांदे वळत नसतील म्हणून आरशासमोर उभा राहिलो, स्टान्स बदलून पाहिला. शेवटी कळलं की स्विंग ठीकच होता, क्लबच्या ग्रिपचं, म्हणजे मुठीचं, रबर शाफ्टवर (दांड्यावर) फिरलं होतं.

हा क्लब म्हणजे शीर्षकातलाच, ग्रिपला बोटांसाठी खाचा असलेला, क्लब नीट धरायला शिकवणारा. ऑगस्टमध्ये 2,800 रुपयांना घेतला.

पहिला महिनाभर पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. माझे पंजे लहान. डाव्या अंगठ्याची खाच इतकी लांब, की अंगठा ताणावा लागे आणि मनगट आखडे. ओव्हरलॅप (उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर ठेवणं) जमेना, तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी इंटरलॉक करायला लावलं: उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकींत अडकवायची. दिग्गज गोल्फर जॅक निकलॉसचेही हात लहान होते आणि तोही इंटरलॉकच करायचा, हे ऐकून धीर आला. पण अंगठ्याच्या खाचेवरचा राग गेला नाही. लहान हातवाल्यांनी छोटा साइज मिळाला तरच घ्या.

दिवाळीनंतर मात्र मत बदललं. एकदा साधा क्लब सहज उचलला, तर तो तळव्यात न जाता आपोआप बोटांच्या मुळाशी बसला. वरून पाहिलं तर डाव्या हाताचे दोन नकल (बोटांच्या मुळाचे सांधे) दिसत होते आणि अंगठा-तर्जनीमधला व्ही उजव्या खांद्याकडे होता. दोन वर्षं सर जे सांगत होते, ते रोज दहा मिनिटं टीव्हीसमोर नुसता क्लब धरून बसल्याने हातात उतरलं. स्लाइस, म्हणजे हवेत बॉलचं उजवीकडे वळणं, निम्म्याने कमी झाला. बॉलला क्लबचा स्पर्श सेकंदाचा जेमतेम दोन-हजारावा भाग टिकतो, त्या क्षणी हाताने काही दुरुस्त करता येत नाही. जे करायचं ते क्लब धरतानाच, हे मला या ग्रिपने पटवलं.

म्हणूनच मार्चमधला ग्रिप फिरल्याचा प्रकार इतका लागला. घेतल्या दिवशीचा फोटो मोबाइलमध्ये होता. त्यात ग्रिपच्या खालच्या टोकाची रेघ आणि शाफ्टवरच्या स्टिकरची कड एका ओळीत होती. आता त्यांच्यात मिलिमीटरभर अंतर पडलं होतं. एवढ्या बारीक दांड्यावर मिलिमीटर म्हणजे पाच-सहा अंश. हात खाचेत अगदी बरोबर बसवले तरी क्लबफेस (बॉलला लागणारी क्लबची बाजू) तेवढा उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहणार, आणि 120 मीटरवर बॉल दहा-बारा मीटर उजवीकडे जाणार. स्लाइसचं वळण आणखी वेगळं. साध्या गोल ग्रिपला असं फिरणं बरंचसं चालून जातं, कारण हात फेस बघून बसवता येतो. इथे खाचच हात बसवते, तेव्हा खाच चुकली की सराव चुकीचा होतो.

कंपनीला फोन केला. 'रबराचे भाग वॉरंटीत येत नाहीत.' पुन्हा केला. 'डिकीत ठेवला असेल, उन्हाने गोंद सुटतो.' डिकीत ठेवला होता हे खरं, आणि तुम्हीही मार्च ते मे ठेवू नका. पण रिग्रिप करणाऱ्याने, म्हणजे ग्रिप काढून पुन्हा बसवणाऱ्याने, रबर उतरवलं तेव्हा आत दुहेरी चिकटपट्टी फक्त वरच्या अर्ध्या भागावर निघाली. खालचा अर्धा दांडा कोरडा! जिचं एकमेव काम हात जागेवर बसवणं, त्या वस्तूत पाच रुपयांची पट्टी वाचवली. फोटो पाठवले, अजून उत्तर नाही.

रिग्रिप करणाऱ्याने पूर्ण पट्टी लावून, सॉल्व्हंट टाकून, फेस फरशीच्या सांध्याला लावून खाच जुळवून दिली. 200 रुपये घेतले. सुकायला एक रात्र ठेवला.

स्पर्धेत हा क्लब चालत नाही, खाचांची ग्रिप नियमात बसत नाही. शिकण्यासाठी मी पुन्हा घेईन, पण घरी आणल्या आणल्या रिग्रिप करून. ग्रिप आणि शाफ्टवर मिळून पांढऱ्या मार्करची एक रेघ ओढली आहे, ती पहिला बॉल ठेवण्याआधी बघतो. गेल्या रविवारी रेघ सरळ होती आणि पन्नासातले सहाच बॉल उजवीकडे गेले.