लबेल: आठ महिने ऐकल्यावर, तिघी एकत्र आणि तिघी वेगळ्या

लबेल या तीन अमेरिकन गायिकांच्या गटाचे 1971 ते 1976 मधले सहाही स्टुडिओ अल्बम आणि तिघींच्या एकल कारकिर्दीतल्या निवडक रेकॉर्ड्स आठ महिने फिरत्या ठेवल्यावरचं हे मत. पहिले काही आठवडे फक्त पॅटी लबेल ऐकू येते. तिचा आवाज एवढा अंगावर येतो की बाकीच्या दोघी साथीला उभ्या आहेत असंच वाटतं. कान बसला की खालून नोना हेन्ड्रिक्सचा जाड, जरा खरखरीत स्वर सापडतो. सगळ्यात उशिरा सापडते सारा डॅश. पॅटी मुख्य ओळ सोडून मोकळी उधळते तेव्हा वरचा स्वर धरून ठेवणारी तीच असते. हे एकदा लक्षात आलं की पुढे तिघी वेगळ्या का वाजल्या, तेही समजतं.

सुरुवात गटाच्या गाजलेल्या ‘लेडी मार्मलेड’ या गाण्यापासून करू नका. 1971 चा गायिका-गीतकार लॉरा नायरोचा ‘गॉना टेक अ मिरॅकल’ आधी घ्या, त्यात लबेल साथीला आहे. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत निर्माते केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी तो घडवला. मुख्य गायिका लॉरा असल्यामुळे इथे पॅटीसुद्धा कोरसमध्ये आहे, म्हणून तिन्ही आवाजांची वीण उघडी पडते. पहिलंच गाणं वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांवर आणि चुटक्यांवर सुरू होतं. हेडफोन लावून तेवढा भाग चार-पाच वेळा ऐका. पहिल्या फेरीत फक्त सर्वात खालचा स्वर गुणगुणा, दुसऱ्या फेरीत फक्त सर्वात वरचा. हा रियाझ झाल्यावर लबेलचा कुठलाही अल्बम वेगळा ऐकू येतो.

जुन्या काळाकडे जाताना एक खड्डा आहे. 1962 चं ‘आय सोल्ड माय हार्ट टू द जंकमन’ हे ब्लू-बेल्स या लबेलच्या जुन्या नावावर गाजलं, पण त्यातले आवाज शिकागोच्या स्टारलेट्स या दुसऱ्याच गटाचे आहेत. कंपनीने नाव बदलून तबकडी बाजारात आणली. ते ऐकून ‘तेव्हा पॅटी अशी गायची’ असा निष्कर्ष काढू नका. त्या काळातली खरी पॅटी ‘डाउन द आइल’मध्ये भेटते. तेव्हा गटात चौघी होत्या. 1967 मध्ये चौथी, सिंडी बर्डसाँग, सुप्रीम्स या दुसऱ्या गायिका-गटात फ्लॉरेन्स बॅलर्डच्या जागी गेली आणि तिघी उरल्या. ब्रिटिश टीव्हीवरून आलेल्या विकी विकहॅमने पुढे व्यवस्थापन हाती घेतलं, एकसारखे झगे आणि विग गेले, नाव लबेल झालं. मोठा बदल मात्र कपड्यांत नाही, गीतलेखनात आहे. नोना लिहू लागली, आणि मुलींच्या गटाला कोणी देत नव्हतं असे विषय त्यांच्या गाण्यांत आले.

‘नाइटबर्ड्स’ (1974) हा गाभा. न्यू ऑर्लिन्सला निर्माता ॲलन टुसाँने तो बांधला, साथीला तिथल्याच मीटर्स या फंक बँडमधले वादक. बेस आणि ढोल यांच्यामध्ये टुसाँ जागा मोकळी ठेवतो आणि आवाज त्या जागेत बसतात. ‘लेडी मार्मलेड’ मार्च 1975 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते बॉब क्रू आणि केनी नोलन यांचं, लबेलचं नव्हे. शीर्षकगीत आणि ‘यू टर्न मी ऑन’ नोनाची आहेत, आणि आठ महिन्यांनंतर सुई पुन्हा पुन्हा तिथेच ठेवावीशी वाटते.

पण ‘यू टर्न मी ऑन’ हे दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आहे आणि रेकॉर्डवर अडचण इथेच येते. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्याच लांबीत जास्त तपशील कोंबलेला असतो, त्यामुळे पॅटीचा वरचा स्वर फाटतो आणि ‘स’ची शिट्टी वाजते. गोल टोकाची सुई असेल तर त्रास जास्त, लंबगोल टोकाने बराच कमी. सुईचं खाचेवर पडणारं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) शिफारशीच्या वरच्या टोकाकडे ठेवा. उदाहरणार्थ, 1.8 ते 2.2 ग्रॅमची शिफारस असेल तर 2 ते 2.1. हलकी सुई रेकॉर्ड वाचवते हा गैरसमज आहे. ती खाचेत नाचते आणि भिंती खरवडते. कार्ट्रिजचा कोन प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन जुळवायच्या पट्टीवर, तपासा. एवढं करूनही फाटत असेल तर आधीच्या मालकाने खाच झिजवली आहे, दुसरी प्रत शोधा. जुनी प्रत घेताना म्हणूनच दोन्ही बाजूंची शेवटची गाणी वाजवून पाहावीत.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात कागदी आतल्या पिशवीला बुरशी धरते आणि ती खाचेत उतरते. प्लास्टिकचं अस्तर असलेली पिशवी घाला, रेकॉर्ड उभ्या ठेवा, धुवायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

स्ट्रीमिंगवर घोळ नावांचा आहे. गट, ब्लू-बेल्सचा काळ आणि पॅटीची एकल गाणी वेगवेगळ्या नावांखाली विखुरली आहेत. ‘लेडी मार्मलेड’ शोधलं की 2001 ची दुसऱ्याच चौघी गायिकांची आवृत्ती हाती लागू शकते. वर्ष आणि अल्बमचं नाव पाहूनच वाजवा.

‘फिनिक्स’ (1975) दमदार, पण ‘नाइटबर्ड्स’एवढा आटोपशीर नाही. ‘कमिलियन’ (1976) मध्ये ओढाताण ऐकू येते: नोनाला रॉककडे जायचंय, पॅटीला बॅलडकडे. त्यानंतर गट फुटला. 1977 मध्ये पॅटी आणि नोना दोघींचे स्वतःच्या नावाचे अल्बम एपिक या एकाच कंपनीने काढले. दोन्ही लागोपाठ ऐका, फुटीचं कारण सांगावं लागत नाही. पॅटीचं ‘यू आर माय फ्रेंड’ हे चर्चमधल्या आळवणीसारखं चढत जातं. नोनाचा अल्बम कडक रॉक आहे, आणि तेव्हा कृष्णवर्णीय बाईचं रॉक विकायचं कसं हे कंपन्यांना कळलं नाही.

पॅटीचं पुढचं यश ठाऊक आहेच: ‘इफ ओन्ली यू न्यू’, मग 1986 मध्ये मायकल मॅकडोनल्डबरोबर ‘ऑन माय ओन’. हे युगुलगीत दोघांनी वेगवेगळं ध्वनिमुद्रित केलं होतं आणि विरहाच्या गाण्याला ते शोभतं. तरी ऐंशीच्या दशकातल्या सिंथमध्ये तिच्याभोवतीचे मानवी आवाज हरवले, याची चुटपुट लागते.

नोनासाठी 1983 चा ‘नोना’ घ्या. टॉकिंग हेड्स या रॉक बँडच्या ‘रिमेन इन लाइट’वर आवाज दिल्यानंतरचा हा अल्बम, बिल लासवेलच्या ‘मटेरियल’ या बँडबरोबर केलेला. बेस घट्ट आहे, छोट्या स्पीकरवर तो निम्मा जातो.

साराला सगळ्यात कमी न्याय मिळाला. 1978 चं ‘सिनर मॅन’ डिस्कोत चाललं, पण तिची खरी ताकद दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर सापडते. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सच्या ‘टॉक इज चीप’ (1988) मधलं ‘मेक नो मिस्टेक’ ऐका. त्याच्या घोगऱ्या कुजबुजीशेजारी ती आवाज किती आत घेते! त्याच्या त्याच वर्षीच्या हॉलिवूड पॅलेडियमच्या मैफिलीत ‘टाइम इज ऑन माय साइड’ ती स्वतः पुढे येऊन गाते. 20 सप्टेंबर 2021 रोजी ती गेली. म्हणून तिघींच्या पुनर्मीलनाचा 2008 चा अल्बम ‘बॅक टू नाऊ’ जपून ठेवावा असा आहे. आवाज थोडे खाली उतरलेत, पण वरचा स्वर कोण धरून आहे हे आता लगेच ओळखू येतं.