१९५२चं पत्र आणि १९६३चा झिप कोड

डू-वॉपच्या जुन्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्या किंवा त्या ग्रुप्सचा इतिहास शोधणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. ‘फाइव्ह शार्प्स’ या ग्रुपची घरगुती कागदपत्रं म्हणून एक माणूस बनावट बाड विकतोय. माझे साडेसहाशे डॉलर त्यात गेले. पैशाचं दुःख आहेच, पण खोटे कागद एकदा इतिहासात शिरले की पुढे ते कुणालाच उपसून काढता येत नाहीत, याचा संताप जास्त आहे.

फाइव्ह शार्प्स म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जमेका भागातली पोरं. १९५२ साली ज्युबिली कंपनीने त्यांची एकच रेकॉर्ड काढली, क्रमांक ५१०४. एका बाजूला ‘स्टॉर्मी वेदर’, सुरुवातीलाच ढगांचा गडगडाट. रेकॉर्ड खपली नाही. पुढे साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका संग्राहकाला तिची ७८ आरपीएमची प्रत सापडली. टाइम्स स्क्वेअरच्या सबवे स्टेशनातल्या प्रसिद्ध रेकॉर्डच्या दुकानात त्याने ती ऐकायला दिली आणि तिथे ती फुटली. ७८ची तबकडी लाखेची (ही लाख त्या काळी मुख्यतः भारतातूनच जायची), पडली की संपलीच. दुकानमालकाने दुसऱ्या प्रतीसाठी बक्षीस लावलं, कंपनीकडेही विचारणा झाली, पण मूळ मुद्रणच मिळेना. शेवटी १९६४ मध्ये ज्युबिलीने त्याच नावाखाली वेगळेच गायक घेऊन गाणं पुन्हा गाऊन घेतलं! खऱ्या आवाजातलं गाणं लोकांना मिळालं ते थेट १९७२ मध्ये, तडा गेलेल्या एका प्रतीवरून. ४५ आरपीएमची मूळ प्रत तर आजवर कुणालाच सापडलेली नाही.

अशा ग्रुपची कागदपत्रं कोण जपून ठेवणार? सोळा-सतरा वर्षांची मुलं, शाळेच्या जिन्यात आणि कोपऱ्यावरच्या दिव्याखाली आवाज घुमवायची. करार काय असतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. फ्रँकी लायमनच्या ‘टीनेजर्स’मधल्या दोघांनी १९५६च्या ‘व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह’वरच्या हक्कासाठी कोर्टात धाव घेतली. १९९२ मध्ये ते जिंकले आणि १९९६ मध्ये अपिलात हरले. कारण काय, तर दावा करायची मुदत कधीच उलटून गेली होती. ज्यांना आयुष्यभर लुबाडलं गेलं त्यांच्याच नावाने आता कुणी दुकान मांडतंय, हे मला सहन होत नाही.

मी न्यू जर्सीत राहते आणि क्वीन्सच्या ग्रुप्सवर टिपणं काढते. ‘हार्टबीट्स’, ‘क्लेफटोन्स’, ‘शेप अँड द लाइमलाइट्स’ ही सगळी एकमेकांत गुंतलेली मंडळी आहेत. फाइव्ह शार्प्समधला क्लॅरेन्स बॅसेटच पुढे १९६१च्या ‘डॅडीज होम’मध्ये गायला. एका रेकॉर्ड मेळ्यात मी हे बोलत होते, ते या माणसाने ऐकलं असावं. नंतर त्याचा फोन आला. अतिशय अदबीने बोलला. काका त्या ग्रुपमध्ये गायचे, ते वारले, घर रिकामं करतोय, पेटीत कंपनीचं पत्र, एक फोटो आणि मुलाखतीची कॅसेट आहे. काकांचं पूर्ण नाव विचारलं की गडी विषय बदलायचा. दुसरा एक गिऱ्हाईक उद्या येतोय, हे मात्र प्रत्येक फोनवर. पैसे पेमेंट ॲपमधून ‘मित्र-नातेवाईक’ हा पर्याय निवडूनच पाठवायचे, फी वाचते म्हणून. खरी गोम तिथे आहे. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं, पैसे गेले की गेले.

पाकीट आलं. कागद छान पिवळा दिसत होता, पण सगळीकडे सारखाच. खरा जुना कागद आधी कडांना काळवंडतो, हा चहात बुडवून काढल्यासारखा. अक्षरं टाइपरायटरची वाटत होती, म्हणून कागद उलटा करून मागून बोट फिरवलं. एकही उठाव लागला नाही. टाइपरायटरचा खिळा कागदावर आपटतो, मागे पूर्णविरामसुद्धा बोटाला लागतो. हे प्रिंटरवर छापलेलं होतं. सही घडीवरून गेली होती आणि तिथल्या तंतूंत शाई पसरली होती, म्हणजे कागद आधी दुमडला आणि सही नंतर झाली. आणि वर पत्ता: न्यूयॉर्क, एन. वाय. १००१९. तारीख १९५२ची! अमेरिकेत पाच आकडी झिप कोड सुरू झाले १ जुलै १९६३ला. त्याआधी ‘न्यूयॉर्क १९, एन. वाय.’ असं लिहायचे.

कॅसेटवरचा म्हातारा आवाज छापून आलेल्या गोष्टीच तेवढ्या सांगत होता. मी खऱ्या ज्येष्ठ गायकांशी बोलले आहे. ते आधी सांगतात बेस कोण लावायचा, कोण तालमीला उशिरा यायचा, कुणाची आई दार उघडून ओरडायची. या आवाजाला साधी शाळा सांगता येत नव्हती.

मी जाब विचारण्याआधीच त्याने पुढचा डाव टाकला: स्टॉर्मी वेदरची ४५ आहे, दोन हजार डॉलर. लेबल आणि गाण्याची शेवटची रेघ यांच्यामध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेला नंबर दिसेल असा फोटो मी मागितला. त्यानंतर तो नंबर बंद. बँकेने हात वर केले. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे विभागाकडे तक्रार केली आहे, पावती मिळाली, पैसे नाहीत.

मेळ्यातल्या ओळखीच्या एका संग्राहकाला हे सांगितलं, तर त्याने कपाटातून हाच फोटो काढला. त्याला तो बाल्टिमोरच्या दुसऱ्याच एका ग्रुपचा म्हणून विकला होता, मागे वेगळी पाच नावं लिहून.

कुणी घरचा वारसा सांगत आलं तर आधी गायकाचं पूर्ण नाव आणि तेव्हाचा पत्ता मागा. १९५०च्या जनगणनेच्या याद्या एप्रिल २०२२ पासून खुल्या आहेत, घरटी नावं फुकट शोधता येतात. लिंकन सेंटरमधल्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या ध्वनिमुद्रण विभागातली माणसं मनापासून मदत करतात. बिलबोर्डचे त्या काळचे अंक स्कॅन केलेले आहेत, रेकॉर्ड नेमकी केव्हा बाजारात आली ते त्यात बरेचदा सापडतं. हे होईपर्यंत पैसे देऊ नका, दुसरं गिऱ्हाईक कितीही दारात उभं असलं तरी.

आणि तो फोटो ओळखून ठेवा: पांढऱ्या कोटातली पाच मुलं, मागे चुण्यांचा पडदा, डावीकडून दुसऱ्याचा बो टाय तिरका. भिंगाखाली धरलात तर रंगीत ठिपके दिसतील, इंकजेटचे. तो कोणत्याही ग्रुपच्या नावाने विकायला आला, तर घेऊ नका आणि मला कळवा. मागे कोणती नावं लिहिली आहेत, तेही लिहून पाठवा. तक्रारीला जोडायची आहेत.