डोहाळजेवणाला डायपर केक: टेपवाले, पॅन्टवाले की लंगोट-दुपट्यांचा?

गेल्या तीन वर्षांत घरच्या समारंभांसाठी मी चार डायपर केक केले. दोन टेपवाल्या डायपरचे, एक पॅन्टवाल्यांचा आणि एक निव्वळ लंगोट-दुपट्यांचा. आता मैत्रिणी विचारतात, "कोणता करू?" सगळ्यांना फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: डायपर गुंडाळून त्यांचे तीन मजले रचायचे, बाहेरून पट्टी बांधायची, वर खुळखुळा किंवा टोपडं ठेवायचं. पद्धत अमेरिकेतल्या बेबी शॉवरची. पण रुखवतात टॉवेलच्या बाहुल्या आणि रुमालांची फुलं मांडणाऱ्या आपल्या बायकांना ही कला परकी वाटत नाही. शिवाय फुलांच्या दागिन्यांसारखी ती संध्याकाळपर्यंत कोमेजत नाही, दुसऱ्या दिवसापासून उपयोगाला येते.

सामान आणायच्या आधी एक गोष्ट करा. घरातल्या आजींना किंवा सासूबाईंना विचारा. अनेक घरांत बाळ जन्मायच्या आधी त्याचं काहीही आणत नाहीत. अशा घरी सातव्या महिन्यात ओटी भरताना साठ डायपर समोर मांडले, तर होणाऱ्या आईलाच अवघडल्यासारखं होतं. तिथे केक बाराव्या दिवशी, बारशाला न्यावा. माझा तिसरा केक असाच बारशाला गेला आणि खरं सांगायचं तर तिथेच त्याची जास्त गरज होती. घरातलं डायपरचं पाकीट त्याच सकाळी संपलं होतं.

टेपवाले की पॅन्टवाले, हा प्रश्न आपल्याकडे महत्त्वाचा आहे. परदेशी व्हिडिओंत सगळे टेपवाले डायपर वापरतात आणि आपल्या दुकानांत मांडणीभर असतात पॅन्टवाले. पॅन्टला कमरेभोवती इलॅस्टिक असतं. गुंडाळली की गुंडाळी कडेला फुगते, रबर लावलं तरी एक बाजू जाड आणि एक बारीक राहते, आणि मजला तिरका होतो. कडा आधी आत दुमडून घेतल्या तर थोडं सुधारतं, पण टेपवाल्याची सफाई येत नाही. टेपवाला सपाट असतो, घट्ट गुंडाळला जातो. आणि नाळ पडेपर्यंतचे पहिले एक-दोन आठवडे बाळालाही तोच सोयीचा, कारण तो बेंबीच्या खाली दुमडून लावता येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गुंडाळीचा केक करायचा तर टेपवालेच शोधून आणा, आठवडाभर आधी सांगून ठेवलं की औषधाचं दुकान मागवून देतं.

मापाचं गणित चुकवू नका. नवजात माप पाच किलोपर्यंत चालतं, एस साधारण चार ते आठ, एम सात ते बारा किलो. जन्मताना अडीच-तीन किलोचं बाळ नवजात मापातून काही आठवड्यांत बाहेर पडतं. साठच्या साठ नवजात मापाचे घेतले आणि इतरांनीही आहेरात तेच आणले, की अर्धे उरतात. मी वरचा छोटा मजला नवजात मापाचा करते आणि खालचे दोन एसचे. केक वरून उलगडत जातो, त्यामुळे जे आधी लागतं ते आधी हाताला येतं.

आता रचना. दोन पद्धती आहेत, गुंडाळीची आणि चुणीची.

गुंडाळीत प्रत्येक डायपर वेगळा गुंडाळून त्याला एक रबर लावायचं आणि उभा करायचा. किती लागतील याचा अंदाज बांधत बसू नका, आकडा ठरलेला आहे. टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवा, त्याभोवती बरोबर सहा रुपये बसतात. त्यांच्याभोवती बारा, मग अठरा. सारख्या जाडीच्या डायपरचंही तसंच. वरचा मजला ७, मधला १९, खालचा ३७, एकूण ६३. मधोमध आधाराला पुठ्ठ्याची नळी घातली, तर प्रत्येक मजल्यावर एक कमी होऊन ६०. नवजात बाळाला दिवसाला आठ-दहा डायपर लागतात, म्हणजे एवढा मोठा दिसणारा केक आठवड्याभराचाच ऐवज आहे. हा हिशोब पाहुण्यांना सांगितला, की पुढचा आहेर काय आणायचा तेही त्यांना आपोआप कळतं.

चुणीच्या पद्धतीत गुंडाळायचं नाही. गोल केकचा डबा किंवा कुकरचं भांडं पुसून कोरडं करा. घडीचा डायपर कडेला उभा टेकवा, दुसरा त्याच्यावर अर्धा चढवा, तिसरा दुसऱ्यावर, अशा गोल निऱ्या घालत जा. नऊवारीच्या निऱ्या बोटांनी सारख्या करतो तशी शेवटी सगळ्या चुण्यांवरून तळहात फिरवून घट्ट करायची, बाहेरून एक मोठं इलॅस्टिक चढवायचं आणि भांडं उपडं करायचं. तीन मजल्यांना तीन इलॅस्टिक, बस्स. गुंडाळीला मला अडीच तास लागले होते, याला पाऊण तास. पॅन्टवाले डायपर घडीचेच असल्यामुळे इथे मात्र छान बसतात. वरून पाहिलं तर चक्रीसारखं सुरेख दिसतं. उणीव एकच: मजला उचलताना खालून हात दिला नाही, तर मधले डायपर निसटतात. गाडीतून दूर न्यायचा असेल तर गुंडाळीचाच करा.

लंगोट-दुपट्यांचा केक मी मावसबहिणीसाठी केला, कारण तिला पहिले तीन महिने दिवसा कापडच वापरायचं होतं. दोन डझन मलमलचे लंगोट, सहा दुपटी, चार झबली, दोन टोपडी, एक कुंची. लंगोट पातळ असतो, त्यामुळे दोन डझनांत वरचे दोन मजले कसेबसे झाले. खालचा मजला दुपट्यांचा केला: लांब पट्टीसारखी घडी घालून एकावर एक गुंडाळत नेली. यात मेहनत जास्त आहे, कारण नव्या कापडाला खळ असते. आधी सगळं धुवायचं, उन्हात वाळवायचं, इस्त्री करायची आणि मग रचायचं. पण पहाटे चारला पटकन हाताला येणारा मऊ, धुतलेला लंगोट ज्या आईला मिळतो, तिला त्या मेहनतीची किंमत कळते. बहिणीचं बाळ आता दीड वर्षाचं आहे आणि त्यातली दोन दुपटी अजून त्याच्या अंथरुणात आहेत. हा केक घरी थांबून राहणार असेल तर कपाटात डांबरगोळ्यांजवळ ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असतं आणि अशा नवजात बाळाला डांबरगोळ्यांच्या वासाच्या कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

तयार विकत घ्यावा का? वेळच नसेल तर घ्या, पण आत काय आहे ते विचारून. आम्हाला एकदा आहेरात आलेला केक दिसायला देखणा होता. उघडला तर खालच्या मजल्यात बाहेरच्या रांगेतच डायपर आणि आत थर्माकोल, वर मोती टाचण्यांनी टोचलेले. एकेक टाचणी शोधायला दोघी जणी बसलो होतो. तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत: टाचणी नाही, ग्लू गन नाही, चमकी नाही, सुगंधी पावडर नाही. गोंदाचा एक थेंब लागला की तो डायपर फेकावा लागतो. बैठकीला थर्माकोलऐवजी पाट वापरा. साध्या पाटाखाली रांगोळी काढली की आणखी सजावट लागत नाही.

पट्टीसाठी साटीनच्या रिबनपेक्षा मला खण आवडतो. ओटीत खण द्यायचाच असतो. तो न कापता लांब घडी करून खालच्या मजल्याला गुंडाळला आणि मागे खोचला, की ओटीही होते आणि केकही सजतो. रंग पिवळा, हिरवा, केशरी घ्या. अमेरिकेत बाळ मुलगा की मुलगी हे पालकांना आधी कळतं, म्हणून तिथे गुलाबी-निळा चालतो. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने लिंगनिदानाला बंदी आहे आणि महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा १९८८ मध्येच केला. पेढा की बर्फी हा वाटीखालचा खेळ तेवढा राहू द्या. तिकडच्या केकच्या मधोमध दुधाची बाटली उभी करतात, ती मी घालत नाही. आईचं दूध सुरळीत सुरू व्हायच्या दिवसांत बाटलीची आठवण कशाला करून द्यायची? तिथे पुठ्ठ्याची नळी पुरते, आणि नळीच्या पोकळीत चांदीचं वाटी-चमचा ठेवता येतं.

तेव्हा निवड अशी करा. केक गावाला न्यायचा असेल किंवा फोटोत ताठ दिसायला हवा असेल, तर टेपवाल्यांची गुंडाळी. हाताशी एकच संध्याकाळ असेल आणि पॅन्टवालेच मिळाले असतील, तर चुणी. आईचा कापड वापरायचा विचार पक्का असेल आणि तुमच्याकडे चार मोकळे दिवस असतील, तर लंगोट-दुपटी. तिला विचारलंच नसेल तर कापडाचा करू नका. धुणं तिच्या घरात पडणार आहे.

काहीही केलंत तरी साबणाने हात धुऊन, कोरडे करून रचा. पावसाळा असेल तर रचल्याबरोबर स्वच्छ प्लास्टिकने झाका, कारण डायपरमधली पूड हवेतला ओलावाही ओढून घेते. आणि पाटाच्या खालच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा: वरचे ७ नवजात, खालचे एस, रबरं ६३ (मधे नळी असेल तर ६ आणि ६०). उलगडताना रबरं मोजून डबीत टाकायची, म्हणजे एखादं अंथरुणात राहून पुढे बाळाच्या तोंडात जायचं नाही.