तीन पावसाळे फिरलेलं घोंगडं

घोंगडं विकत घेतलं तेव्हा ते फिरायला न्यायचं असं डोक्यातही नव्हतं. 2022 च्या दिवाळीआधी कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला गेलो होतो. भंडाऱ्यानं माणसं, रस्ते, मेंढरं सगळं पिवळंधमक झालेलं. खारीक-खोबरं आणि लोकर उधळली जात होती, आणि त्या गर्दीच्या कडेला एक म्हातारे विणकर दहा-बारा घोंगडी घडी करून बसले होते. आईनं एक उचललं, नाकाला लावलं आणि म्हणाली, "हे खरं हाय. घे." 2,600 रुपये पडले. त्याला आता तीन पावसाळे झाले. दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी आम्ही पाचजण गाडी काढतो, आणि घोंगडं डिकीत असतंच. लहान मुलं आणि वयस्कर आई-वडील घेऊन घाटात, पठारावर फिरणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आईनं नाकाला का लावलं, ते आधी सांगतो. यात्रेच्या आधी मी शहरातल्या एका दुकानातून "शुद्ध लोकर" म्हणून एक घोंगडं आणलं होतं. दिसायला झकास, काळंभोर, मऊ, अजिबात न टोचणारं. ते घेऊन पन्हाळ्यावर गेलो. कणसं भाजणाऱ्या मावशींच्या शेगडीजवळ पोरं ते पांघरून उभी होती. वाऱ्यानं एक ठिणगी उडाली आणि घोंगड्यावर पडली. झटकेपर्यंत करंगळीएवढं भोक पडलं होतं, आणि भोकाच्या कडेला प्लास्टिकसारखा कडक काळा मणी. लोकर अशी वितळत नाही. लोकर जळते ती केस जळल्याच्या वासानं, आणि बोटांनी चुरली तर राख होते. माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर तो कपडा होता, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. दुकानदारानं परत घेतलं नाही. तेव्हापासून कुठलंही घोंगडं बघितलं की मी काठाचा एक धागा मागतो आणि काडी लावून बघतो. खरा विणकर त्याला नाही म्हणत नाही. यात्रेतल्या म्हाताऱ्यांनी तर स्वतःच धागा ओढून हातात दिला.

आता या घोंगड्याबद्दल. लांबी नऊ फुटांच्या आसपास, रुंदी साडेचार. माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीनशॉप आहे, त्यामुळे वजनकाटा हाताशी असतो. कोरडं वजन भरलं 2 किलो 350 ग्रॅम. रंग दिलेला नाही. काळ्या मेंढीची काळी लोकर, काठाला पांढऱ्या लोकरीची दोन बोटं रुंद पट्टी. जवळून बघितलं तर सूत एकसारखं नाही, कुठं जाड कुठं बारीक, आणि मधेमधे तपकिरी केस डोकावतात. हाताच्या चरख्यावर काढलेलं सूत असंच असतं. नवीन असताना ते पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, कारण ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, चिंचोक्याची खळ दिलेली असते. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ कुंच्यानं सुतावर बसवतात, म्हणजे मागावर धागा तुटत नाही. पहिल्या दोन-तीन धुण्यांत ती निघून जाते आणि मग घोंगडं अंगावर पडायला लागतं.

टोचतं का? टोचतं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, ती स्वेटरची लोकर नव्हे. पहिल्या वर्षी धाकटी रडायचीच, "पप्पा, टोचतंय." नंतर सासूबाईंनी जुन्या नऊवारीचं अस्तर निम्म्या भागाला टाचून दिलं. आता पोरं अस्तराच्या बाजूनं झोपतात आणि आई उघड्या लोकरीच्या बाजूनं, तिला तेच आवडतं. ज्यांना लोकरीची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र घेऊ नये. अस्तरानंही काम भागणार नाही.

खरी परीक्षा झाली मसाई पठारावर, 2024 च्या ऑगस्टमध्ये. म्हाळुंगेला गाडी लावून चालत वर गेलो. शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून 1660 च्या जुलैमध्ये रात्रीच्या पावसात विशाळगडाकडे निघाले, ती वाट याच पठारावरून जाते. थोरला बारा वर्षांचा, त्याला त्या वाटेवर चालायचं होतं. सगळी वाट आमच्या आवाक्यातली नाही. आई अडुसष्ट वर्षांची, धाकटी आठची. म्हणून मसाई देवीच्या देवळापर्यंत जाऊन परत, एवढंच ठरवलं होतं. पठार म्हणजे नुसतं सपाट गवत. आडोसा नाही, झाड नाही. अर्ध्या वाटेवर पश्चिमेकडून पाऊस आला आणि त्याच्यासोबत असा वारा की बायकोची छत्री पहिल्याच झटक्यात उलटी झाली. पोरांचे रेनकोट होते, पण वारा खालून शिरून ते फुग्यासारखे फुगवत होता.

आई शांतपणे म्हणाली, "घोंगडं दे हिकडं." तिचं माहेर शाहूवाडीकडचं. लहानपणी रोपलावणीला इरलं नाहीतर घोंगडं हेच पावसातलं कापड होतं. तिनं एका टोकाचे कोपरे आत दुमडून वर टोक काढलं आणि खोळ डोक्यावर घेतली. मग वाऱ्याकडं पाठ करून ती उकिडवी बसली, धाकटीला पोटाशी घेतलं आणि दोन्ही काठ पुढून आवळून धरले. बाहेरून बघितलं तर पठारावर एक काळा धोंडा ठेवलाय असंच वाटावं. आतून धाकटीचा आवाज येत होता, ती आज्जीला विचारत होती की मेंढ्यांना पण असंच वाटत असेल का.

मी शेजारी भिजत उभा होतो, त्यामुळे घोंगड्याकडं नीट बघायला वेळ मिळाला. पहिली दहा-पंधरा मिनिटं थेंब आत शिरत नव्हते. लोकरीच्या वर जी बारीक लव असते तिच्यावर ते मोत्यांसारखे टेकून राहायचे आणि वाऱ्यानं घरंगळून जायचे. लोकरीत मेंढीच्या अंगचं तेल थोडं उरलेलं असतं, हे त्याचं काम. त्यानंतर पाणी हळूहळू मुरायला लागलं. चाळीस मिनिटांनी पाऊस ओसरला तेव्हा आईच्या डोक्यावर आणि खांद्यांवर ओल उतरली होती, पण पाठ कोरडी होती आणि धाकटी तर पूर्ण कोरडी, वर घामेजलेली. रेनकोटमधला थोरला आतून घामानं आणि बाहेरून पावसानं असा दोन्हीकडून ओला, आणि दात वाजत होते. त्याला मग त्याच ओल्या घोंगड्यात गुंडाळून खाली आणला. म्हाळुंग्यात येईपर्यंत त्याची थंडी गेली होती. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि भिजली तरी तिची ऊब पूर्ण जात नाही, हे मी वाचलं होतं. त्या दिवशी पोराच्या अंगावर बघितलं.

पण त्याची किंमतही मोजावी लागते. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये नेऊन वजन केलं तर 3 किलो 900 ग्रॅम भरलं. म्हणजे दीड किलोवर पाणी. ते पाठीवर घेऊन चढण चढायची ताकद घरातल्या एकाच माणसात आहे, आणि तो मी. शिवाय पूर्ण वाळायला तीन दिवस लागले, तेही दांडीवर उलटसुलट करत. गाडीच्या डिकीत ओलं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी गाडीत मेंढरांचा कळप बसवून आणल्यासारखा वास येतो. म्हणून पावसाळ्यात आम्ही एक जाड प्लास्टिकची खताची पिशवी सोबत ठेवतो. भिजलेलं घोंगडं त्यात घालायचं आणि घरी आल्या आल्या बाहेर काढायचं, रात्रीचे बारा वाजले तरी.

गाडीच्या प्रवासात ते वेगळ्याच कामाला येतं. कोल्हापुरातून गगनबावड्याचा रस्ता 55 किलोमीटरचा, कळे सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस, मग भात, मग डोंगर अंगावर येतात. आईचा गुडघा दुखतो, तिला सीटवर पाय सोडून फार वेळ बसवत नाही. घोंगड्याची चौपदरी घडी पायाखाली दिली की पाय उंच राहतात आणि गाडीच्या धक्क्यांचा त्रास निम्मा होतो. पळसंब्याच्या रामलिंगाला थांबलो तर तेच खडकावर अंथरायचं. ओढ्याकाठचा गारवा खालून चढत नाही, आणि चादरीसारखं ते वाऱ्यानं उडतही नाही. गगनगडावर धुक्यात पोरांना गुंडाळायला तेच. भुईबावड्याच्या बाजूला एका वळणावर चहाच्या टपरीपाशी परत एकदा ठिणगी पडली होती. लव जळली, केसांचा वास आला, आणि संपलं. तो डाग आजही दिसतो, डाळीच्या दाण्याएवढा. भोक नाही. बायकोनं तो डाग बघितला आणि म्हणाली, "अहो, आता मी या घोंगड्याला नावं ठेवणार नाही." तोपर्यंत तिला त्याचा वास अजिबात आवडत नव्हता.

दाजीपूरला मात्र त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मे महिना होता, ओझं उगीच वागवलं. गवे दिसले, तीनच, पण लांबून.

निगा कशी राखायची ते विणकराच्या घरी जाऊन विचारून आलो, कारण पहिल्याच उन्हाळ्यात काठाला कसर लागली होती. पेटीत ठेवलेलं, उघडून बघितलं तर दोन ठिकाणी चाळणी. त्यांच्या मालकिणीनं ते हातात घेतलं आणि मलाच विचारलं, "उनात घालत न्हाईसा व्हय?" तेवढंच. महिन्यातून एकदा कडक ऊन, घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला, आणि धुवायचं ते वर्षातून एकदा, गार पाण्यात, रिठ्यानं. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन अजिबात नाही, लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. पिळायचंही नाही, दगडावर पसरून पाणी निथळू द्यायचं. त्यांनी भोकं त्याच लोकरीच्या सुतानं रफू करून दिली. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र प्यायला लावला.

त्यांच्या घरात माग जमिनीतल्या खड्ड्यावर आहे. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात, पायांनी दट्टे दाबायचे आणि हातानं धोटा टाकायचा. मी यंत्राचा माणूस आहे, दोन तास तिथंच बसून बघत राहिलो. एक घोंगडं मागावरून उतरायला तीन-चार दिवस, पण लोकर पिंजणं, सूत काढणं, ताणा लावणं, खळ देणं हे सगळं धरलं तर कितीतरी जास्त. 2,600 रुपयांत त्यांना काय उरत असेल हा हिशेब मी मनात केला आणि मला बरं वाटलं नाही. ते म्हणाले, लोकरच मिळंना झालीय. धनगर आता माडग्याळ जातीची मेंढरं पाळतात, ती मटणाला चांगली, वजनदार, पण अंगावर लोकर नावालाच. काळी दख्खनी मेंढी कमी होत चाललीय, आणि जी आहेत त्यांच्या कातरणीचा खर्च लोकर विकून निघत नाही, म्हणून कातरलेली लोकर लोक टाकून देतात. हे ऐकल्यापासून मी ओळखीच्यांना सांगतो, घ्यायचं तर विणकराकडूनच घ्या आणि भावात घासाघीस करू नका.

कुणी घ्यावं? ज्यांच्याबरोबर लहान मूल किंवा वयस्कर माणूस असतं, गाडी जवळ असते आणि चालणं तासा-दोन तासांचं असतं, त्यांनी डोळे झाकून घ्यावं. पाठीवर सामान घेऊन पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या पोरांनी हलकं जॅकेट न्यावं, हे वजन त्यांच्या कामाचं नाही. आणि रेनकोट घरी ठेवून यायचं नाही. मसाईवर रेनकोट वर आणि घोंगडं आत असं केलं असतं तर थोरला भिजला नसता. ही चूक आम्ही नंतर सुधारली.

2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेल्यावर श्रावणात आम्ही परत वर गेलो. सज्जाकोठीपाशी गर्दी होती, म्हणून तीन दरवाज्याच्या अलीकडं गवतावर घोंगडं टाकून भाकरी, पिठलं, खर्डा सोडला. पुण्याकडचं एक कुटुंब शेजारी उभं होतं, त्यांच्या आजींना खाली ओलं म्हणून बसता येत नव्हतं. आईनं सरकून अर्धं घोंगडं त्यांना दिलं. दोघी तासभर बोलत होत्या, रोपलावणीबद्दल.

आता दुसरं सांगितलंय, थोरल्यासाठी. विणकर म्हणाले लोकर मिळाली तर यात्रेपर्यंत देतो, नाही मिळाली तर पुढच्या वर्षी. ॲडव्हान्स देऊन आलोय, 3,500 ठरलेत.