समासात संदर्भ असलेलं पवित्र शास्त्र: आठ महिने रोज वापरल्यावर

घरात आजीची बायबलची साधी प्रत होती आणि रोजच्या वाचनाला ती पुरत होती. शब्बाथशाळेतला मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आला, तेव्हा मात्र अडायला लागलं. आदाम, इसहाक, योना ही ख्रिस्ताची प्रतिरूपं, म्हणजे त्याच्या येण्याची आधीच दिसलेली छाया, असं आपण उपदेशात लहानपणापासून ऐकतो. ‘ताई, हे कुठे लिहिलंय?’ असं एका मुलीने विचारलं आणि मला पान उघडून दाखवता आलं नाही. त्याच आठवड्यात मी वचनाशेजारी, पानाच्या समासात, संबंधित वचनांचे संदर्भ छापलेली मराठी प्रत घेतली. गेले आठ महिने रोज पहाटे अर्धा तास तिच्यासोबत जातो.

सुरुवात रोमकरांस पत्र ५:१४ पासून केली. तिथे प्रेषित पौल आदामाला येणाऱ्याचं प्रतिरूप म्हणतो. आमच्या पाळकांनी सांगितलं की मूळ ग्रीक शब्द ‘टुपॉस’, म्हणजे आघाताने उमटलेला ठसा. योहान २०:२५ मध्ये थोमाला खिळ्यांचे जे व्रण पाहायचे असतात, तिथेही हाच शब्द आहे. त्या दिवशी मी पुढे काहीच वाचलं नाही.

माशाच्या पोटातल्या योनाशेजारी मत्तय १२:४०, नोहाच्या जलप्रलयाशेजारी १ पेत्र ३:२१, रानातल्या खडकाशेजारी १ करिंथ १०:४. बोट ठेवायचं आणि पान उलटायचं. एवढ्यासाठीही ही प्रत घ्यावी, असं मी सांगेन.

पण खरी कसोटी मलकीसदेकाशी लागली. उत्पत्ती १४ मध्ये तो तीन वचनांपुरता येतो: शालेमचा राजा, परात्पर देवाचा याजक. भाकर आणि द्राक्षारस आणतो, अब्रामाला आशीर्वाद देतो, दशमांश घेतो आणि निघून जातो. पुढे स्तोत्र ११० मध्ये एकदा नाव येतं, बस. इब्री लोकांस पत्राचा लेखक मात्र सातवा अध्याय त्याच्यावरच उभा करतो. नावाचा अर्थ नीतिमत्त्वाचा राजा, शालेम म्हणजे शांती, वंशावळ नाही, ज्याच्या वंशातून पुढे याजक झाले त्या लेवीच्याही आधीचा याजक. समासाच्या आधाराने मी हे सगळं दोनदा वाचलं आणि चकित झाले: त्या अध्यायात भाकर आणि द्राक्षारसाचा उल्लेखच नाही! प्रभुभोजनाशी त्याची सांगड तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन आपल्या पत्रात घालतो. इटलीतल्या राव्हेन्नाच्या, सहाव्या शतकातल्या सान व्हिताले चर्चमध्ये तर हाबेल आणि मलकीसदेक एकाच वेदीपाशी अर्पण घेऊन उभे आहेत. ते चित्र मला फार आवडतं. तरीही ‘शास्त्र स्वतः सांगतं’ आणि ‘ख्रिस्ती मंडळीने पुढे ओळखलं’ यांत फरक आहे, आणि माझ्या प्रतीत दोन्ही संदर्भ एकाच बारीक टायपात छापलेत. माझी मुख्य तक्रार ही.

म्हणून दुसऱ्या महिन्यापासून मी निळी पेन्सिल ठेवते. नव्या कराराने, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तापासूनच्या भागाने, स्वतः जोडलेल्या जागी निळी रेघ, बाकीच्यांना साधी. योसेफाच्या कथेत जवळजवळ सगळ्या रेघा साध्याच निघाल्या. भावांनी वीस रुपयांना विकलं. इकडे येशूला धरून देण्याचे तीस रुपये. तुरुंगात दोन कैदी, एक सुटतो, एक टांगला जातो. इकडे वधस्तंभाच्या दोन बाजूंना दोन चोर. साम्य डोळ्यांत भरतं, पण नवा करार योसेफाला प्रतिरूप कुठेही म्हणत नाही. स्तेफन प्रेषितांच्या कृत्यांत त्याची गोष्ट सांगतो, पण ख्रिस्ताशी जोडत नाही. मुलांना मी हे असंच सांगते. त्यांचा विश्वास त्याने डळमळला नाही, उलट तीच आता रेघ कुठली ते विचारतात.

एक संदर्भ मात्र असायलाच हवा होता. गणना २१ मधल्या, मोशेने उभारलेल्या पितळी सर्पाशेजारी योहान ३:१४ आहे, २ राजे १८:४ नाही. तिथे राजा हिज्कीया तोच सर्प फोडून टाकतो, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागलेले असतात. ख्रिस्ताने ज्याच्याशी स्वतःची तुलना केली, त्या वस्तूचं पुढे काय झालं हे वाचकाला कळायला नको का? मी ते हाताने लिहून ठेवलंय.

कागद पातळ आहे, मागची अक्षरं दिसतात; समास वाचायला मला दिव्याखाली बसावं लागतं. शिवण चांगली.

या वाचनाचा एक धोकाही जाणवला. बाप अब्राहाम अर्पण करायला नेत असताना मोरियाच्या वाटेवर स्वतःच्या होमाची लाकडं स्वतःच्या पाठीवर घेतलेला इसहाक दिसला की मन लगेच वधस्तंभाकडे धावतं, आणि ‘कोकरू कुठे आहे?’ हा त्या मुलाचा बापाला केलेला प्रश्न मागे राहतो. यहुदी लोक हा उतारा शतकानुशतकं इसहाकाचं बांधलं जाणं म्हणून वाचत आले आहेत, आणि त्यांच्या वाचनात तो कुणाची छाया नाही. आता मी आधी समास पोस्टकार्डाने झाकते, पूर्ण अध्याय वाचते आणि मगच कार्ड बाजूला करते. घालवून दिलेल्या दासी हागारेचं रानातलं रडणं मला असंच पहिल्यांदा नीट ऐकू आलं, कारण एरवी गलतीकरांस पत्र ४ मधली दोन करारांची तुलना आधीच डोक्यात असायची.

सध्या होशेय ११:१ वर अडकले आहे. तिथे मिसरातून बोलावलेला पुत्र म्हणजे इस्राएल, आणि मत्तय २:१५ मध्ये तेच वचन बाळ येशूसाठी येतं. रेघ निळीच ओढली. पुढच्या रविवारी हा अध्याय वर्गात घेणार आहे, समास झाकून.